गंज आतला की बाहेरचा? : डिझेल टाकीवरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या पिकअपच्या गंजलेल्या डिझेल टाकीवरील माझ्या लेखाला आपण पाठवलेल्या सविस्तर प्रतिक्रियेचे उत्तर दोन ओळींत देणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : तळाला भोक पडलेली टाकी बदलावी हा सल्ला सासवडहून रोज पहाटे मार्केट यार्डात भाजी आणणाऱ्या माणसाला परवडणारा नाही, आपले मिस्त्री अशा टाक्यांत सायलेन्सरचा धूर भरून त्या वर्षानुवर्षे गॅसने जोडत आले आहेत, आणि आतला गंज अ‍ॅसिडने धुऊन काढता येतो. दुरुस्त होणारी वस्तू भंगारात घालायला सांगणे हा उधळेपणा आहे, असेही आपण लिहिले आहे. हे शेवटचे तत्त्व मलाही मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे की कोणती टाकी खरोखर दुरुस्त होते.

त्याचा निर्णय भोकाच्या आकारावरून होत नाही. गंज पत्र्याच्या कोणत्या बाजूने सुरू झाला, यावरून होतो. टाकी ज्या लोखंडी पट्ट्यांनी चासीला आवळलेली असते, त्या पट्ट्यांखाली रबर असते. त्या फटीत पावसाळ्यातला चिखल जाऊन बसतो, ओल महिनोन्महिने टिकते आणि पत्रा बाहेरून खाल्ला जातो. हा गंज बहुधा पट्ट्याच्या रुंदीपुरताच असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा पत्रा जाड व निरोगी राहतो. अशा टाकीला ठिगळ लावणे सर्वस्वी योग्य आहे, आणि आपल्या मिस्त्रींनी जोडलेल्या ज्या टाक्या टिकल्या त्यांतील बऱ्याचशा याच प्रकारच्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

आतून येणाऱ्या गंजाची गोष्ट वेगळी आहे. भाजीच्या गाडीत बहुतेक वेळा त्या दिवसाच्या फेरीपुरतेच डिझेल भरले जाते, त्यामुळे टाकी जवळजवळ नेहमीच निम्म्याहून रिकामी असते. त्या रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड झाली की पत्र्याच्या आतल्या अंगावर पाण्याचे बारीक थेंब जमतात आणि ओघळून खाली जातात. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी, विशेषतः खालच्या जोडाच्या कडेला आणि आतल्या आडव्या पडद्यांच्या (डिझेल डचमळू नये म्हणून बसवलेल्या पत्र्यांच्या) पायाशी, साचून राहते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जीवाणू वाढतात आणि त्यांच्यापासून तयार होणारी आम्ले पत्रा आणखी कुरतडतात. म्हणजे बाहेर टाचणीएवढे भोक दिसते तेव्हा आत तळहाताएवढा पत्रा कागदासारखा झालेला असू शकतो. त्यावर गॅसची ज्योत धरली की भोक बुजण्याऐवजी मोठे होते. ठिगळ बसलेच, तर त्याच्या कडेला काही दिवसांत नवा पाझर सुरू होतो. एम-सीलचा उपयोग गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरता, आणि तोही पृष्ठभाग पूर्ण कोरडा करता आला तरच.

आपल्याच प्रतिक्रियेत एक महत्त्वाची खूण आहे. डिझेल फिल्टर दर महिन्याला तुंबतो आणि गाडी चढावर एअर घेतल्यासारखी दम टाकते, असे आपण ओघात लिहिले आहे. केवळ बाहेरून गंजलेल्या टाकीमुळे फिल्टर असा वारंवार तुंबत नाही. तरीही खात्री करून घ्यावी. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी टाकीचा खालचा नट सैल करावा आणि पहिले अर्धा लिटर डिझेल काचेच्या बाटलीत धरावे. तासाभराने खाली पाण्याचा थर आणि तांबूस गाळ दिसला, तर उत्तर मिळालेच. पुढे फ्लोट (टाकीतल्या डिझेलची पातळी दाखवणारा भाग) काढून बॅटरीच्या विजेरीने आत पाहावे. वायरला लावलेला उघडा बल्ब टाकीच्या तोंडाशी कदापि नेऊ नये. बाहेरून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकून पाहिला, तर चांगला पत्रा खणखणतो आणि कुजलेला बद्द वाजतो.

आता सायलेन्सरच्या धुराविषयी, कारण आपल्या पत्रातील हाच भाग मला सर्वांत काळजीचा वाटला. धुरात प्राणवायू नसतो, म्हणून टाकीत भडका होत नाही, असा या पद्धतीमागचा समज आहे. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत त्यात काही तथ्य आहे, कारण तेथे हवेतला बहुतेक प्राणवायू जळून जातो. डिझेल इंजिन मात्र प्रत्येक वेळी भरपूर हवा ओढते आणि जागेवर चालू असताना त्यात इंधन अगदी थोडे जळते. त्यामुळे अशा धुरातही प्राणवायूचे प्रमाण १७-१८ टक्के राहते. साध्या हवेत ते २१ टक्के असते आणि टाकी सुरक्षित म्हणायची तर ते सुमारे १० टक्क्यांच्याही खाली यावे लागते. म्हणजे पिकअपच्याच सायलेन्सरने भरलेली टाकी मुळीच सुरक्षित झालेली नसते. डिझेल सहज पेटत नाही हेही अर्धवट सत्य आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्योत लागताच त्याची वाफ पेटू शकेल असे किमान तापमान, ३५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असू नये एवढीच अट आहे, आणि गॅसच्या ज्योतीने पत्रा त्याच्या कितीतरी पट तापतो. जोडांत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली मुरलेल्या डिझेलची वाफ होते, ती बंद जागेत साठते आणि टाकी फुटते. आजवर काही झाले नाही, हा येथे पुरावा होऊ शकत नाही. त्या मिस्त्रींचा चेहरा टाकीपासून हातभर अंतरावर असतो.

जोडायचीच असेल, तर टाकी गाडीवरून पूर्ण उतरवावी, फ्लोट आणि सर्व पाइप काढावेत, गरम पाणी आणि साबणाच्या पावडरने ती वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावी, भोक वर येईल अशी ठेवावी आणि भोकाच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरून, पाण्याखाली जाणारी तोंडे बुजवून, पण वर हवा जाण्याची वाट उघडी ठेवून मगच जोडावी. आपल्या मिस्त्रींना कृपया एवढे तरी सांगावे.

अ‍ॅसिडबद्दल थोडक्यात. संडास धुण्याचे अ‍ॅसिड गंजाबरोबर चांगला पत्राही खाते, पडद्यांमागच्या कोपऱ्यांतून ते पूर्ण निघत नाही आणि धुतलेला पत्रा काही वेळातच पुन्हा पिवळा पडतो. लिंबूसत्त्वाचे पाणी संथ पण सौम्य असते. नंतर धुण्याच्या सोड्याने धुऊन, पूर्ण वाळवून लगेच डिझेल फिरवावे. पत्रा जाड असेल तरच या मेहनतीला अर्थ आहे. पातळ पत्र्यावरचा गंज काढला की त्याने झाकलेली भोकेच उघडी पडतात.

परवडण्याचा मुद्दा मी टाळत नाही. मात्र डिझेलचा पंप डिझेलनेच वंगित होतो आणि त्यातल्या भागांमधले अंतर अवघे काही मायक्रॉन असते. गंजाची भुकटी फिल्टर चुकवून तेथे पोहोचली, की पंप आणि नोझल यांच्या कामाचा खर्च टाकीच्या कितीतरी पुढे जातो, आणि गाडी उभी राहिल्याने बुडणारी भाजी वेगळीच. नवी टाकी न झेपल्यास जुन्या बाजारात वापरलेली टाकी शोधावी, पण फ्लोटच्या तोंडातून आतला तळ पाहिल्याशिवाय घेऊ नये. स्थानिक कारागिराकडून बनवून घेणार असाल, तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा वापरू देऊ नका. त्यावरच्या जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन चिकट गाळ तयार होतो आणि फिल्टर पुन्हा तुंबू लागतो. आत पडदे आहेत याचीही खात्री करावी, अन्यथा दिवे घाटाच्या वळणांवर अर्धी भरलेली टाकी डचमळून पंप हवा ओढेल.

टाकी बदलल्यावर पंपाकडे जाणारा आणि परत येणारा असे दोन्ही पाइप हवेने फुंकून साफ करावेत, फिल्टर नवा बसवावा, आणि आठवड्याभराने तो उघडून आत तांबूस गाळ आहे का ते पाहावे. तोवर फेरी संपल्यावर संध्याकाळीच डिझेल भरण्याची सवय लावून घेतली, तर रात्री टाकीत दमट हवेला जागा कमी राहील.