दवाखान्यातला कचरा ‘शेवटी एकत्रच जाते’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

दोन दिवसांपासून तालुक्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की दवाखान्यातल्या लाल-पिवळ्या पिशव्या नुसता देखावा आहे, सगळं एकाच गाडीत जाते, त्यापेक्षा मागच्या आवारात खड्डा करून पेटवलं की जंतू खतम, आणि छोट्या क्लिनिकले तर नियमच नाही. मी बारा वर्षांपासून ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, म्हणून लिहून राहिली.

गाडी एकच असते हे खरं आहे, पण पिशव्या वेगळ्या असतात नं! पिवळीतली बाळंतपणातली वार, रक्ताचे बोळे भट्टीत, म्हणजे कचरा जाळायच्या खास यंत्रात जातात. लालमधल्या सलाईनच्या नळ्या, हातमोजे वाफेनं निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करतात, ते प्लास्टिक मग पुन्हा कामात येते. दवाखान्याचा जवळपास ८५ टक्के कचरा तर घरच्यासारखाच साधा असते, तो यात कालवला की तोही धोक्याचा झाला.

दीड महिन्याआधी आमच्याकडल्या सफाईच्या मावशी पिवळी पिशवी उचलून चालल्या होत्या. सुई पांढऱ्या जाड डब्यात टाकायची, ती कोणीतरी त्या पिशवीत टाकलेली, चालताचालता आरपार पोटरीत घुसली. मावशी म्हणे, "काही नाही होत बाई," अन् पदरानं रक्त पुसून कामाले लागल्या. मी हात धरून नळावर नेलं, साबणानं पाय धुतला, लगेच डॉक्टरकडे, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागते, जितकी लवकर तितकी बरी. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून लागणाऱ्या लिव्हरच्या आजाराची लस त्यांना दिलीच नव्हती! कंत्राटी असो की पर्मनंट, हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना ती द्यायची असं दवाखान्याच्या कचऱ्याच्या २०१६ च्या सरकारी नियमातच आहे. लस नसलेल्याले बाधित सुई टोचली तर १०० पैकी ३० जणांपर्यंत लागण होऊ शकते. याले देखावा म्हणता?

जाळण्याचं म्हणाल तर भट्टीत दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशाच्या आसपास तापमान लागते, खड्ड्यातली आग कुठून तेवढी तापणार, पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) जळून डायॉक्सिनचा विषारी धूर गावात अन् सुया राखेत तशाच. खोल पुरायची मुभा आहे, पण जिथं गाडीची सोयच नाही तिथं, परवानगी घेऊन, २ मीटर खड्डा, वर चुना अन् माती.

अन् छोटं क्लिनिक, लॅब, रक्तदान शिबिर, गुराढोरांचा दवाखाना, नियम सगळ्यांलेच आहे. कचरा ४८ तासांवर ठेवायचा नाही. गाडी येत नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा, काडी लावू नका.