‘नंबर कितीही असो, लेझर करा आणि चष्मा फेका’ म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि अभ्यासिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: नंबर आणि सिलिंडर (एकाच दिशेतला जादा नंबर) कितीही असो, लेझरने दहा मिनिटांत जातो. डॉक्टर आयसीएल (डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) सुचवतात ते बिल वाढवायला. सिलिंडरवाल्यांना कॉन्टॅक्ट लेन्स चालत नाही. आणि एकदा चष्मा गेला की आयुष्यभर गेला, डोळा नॉर्मल, पुन्हा दवाखान्याचं तोंड बघायला नको.

मी लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. ‘चष्मे खपवायला बोलतोय’ असं ज्यांना वाटेल त्यांना वाटो, पण खालचा हिशेब स्वतः करून बघा.

‘नंबर कितीही असो.’ सगळी गोम इथेच आहे. लेझरने कॉर्निया तासतात, म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा. त्याची जाडी सर्वसाधारणपणे ५२० ते ५४० मायक्रॉन, अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. साडेसहा मिलिमीटरच्या गोलात तासायचं तर एका नंबरमागे अंदाजे १४ मायक्रॉन जातात. आता समजा चिठ्ठीवर उणे ८ गोल (सगळ्या दिशांना सारखा नंबर) आणि उणे २ सिलिंडर आहे. म्हणजे एका दिशेत १० चा नंबर. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे बसतो, त्यामुळे तोच नंबर कॉर्नियावर जेमतेम ९ भरतो. ९ गुणिले १४, झाले १२६. लॅसिक या लेझर पद्धतीत कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलतात, तो ११० धरा. कॉर्निया ५१० असेल तर खाली उरले २७४. पापुद्रा परत जागेवर बसवला तरी पहिल्यासारखा भार घेत नाही, डोळ्याच्या आतला दाब या उरलेल्या थरालाच पेलायचा असतो. २५० च्या खाली जायचं नाही हा जुना दंडक, आणि बरेच सर्जन ३०० ची मर्यादा पाळतात. शिवाय ५१० पैकी २३६ ला हात लागला, म्हणजे ४६ टक्के. ४० च्या पुढे गेलं की कॉर्निया कमजोर होऊन पुढे फुगण्याचा धोका वाढतो. तसा फुगला तर सिलिंडर असा वेडावाकडा वाढतो की चष्म्यानेही धड दिसत नाही.

कॉर्निया वाचवायचा म्हणून तासायचा गोल लहान करता येतो. पण रात्री बाहुली त्या गोलाबाहेर पसरते आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं. सिंहगड रोडवर रात्री नऊला दुचाकी चालवणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पीआरके या दुसऱ्या लेझर पद्धतीत पापुद्रा नसतो, तेवढी जाडी वाचते, मात्र काही दिवस चांगलंच दुखतं आणि मोठ्या नंबरात कॉर्नियावर धूसरपणा येण्याची भीती असते. स्माइल या तिसऱ्या पद्धतीतही पापुद्रा नाही, तरी आतून चकती काढायची ती त्याच कॉर्नियातून.

हे सगळं खरं असलं तरी ४-५ नंबरच्या, जाड आणि सरळ कॉर्नियाच्या माणसाला लेझर उत्तम लागू पडतं. त्या मजकुराने त्यांचा अनुभव उचलून सगळ्यांच्या माथी मारलाय, माझी तक्रार एवढीच.

एक प्रकार जास्त धोक्याचा. विशीतला मुलगा, सिलिंडर दर वर्षी वाढतोय, डोळे सारखे चोळतोय. याला लेझरच्या आधी केराटोकोनसची तपासणी हवी, कारण त्याचा कॉर्निया आधीच पातळ होऊन पुढे येत असू शकतो. कॉर्नियाचा नकाशा काढल्याशिवाय ते नुसत्या नंबरवरून कळत नाही. आणि नकाशाच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद हव्यात, मऊ असतील तर आठवडा-दोन आठवडे, कडक असतील तर त्याहून जास्त. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मापच चुकतं. कॉलेजात ॲडमिशन झाली की लगेच ‘करून टाका’ म्हणणाऱ्यांना एकच विचारा: गेल्या वर्षभरात नंबर हललाय का?

‘आयसीएल म्हणजे बिल वाढवणं.’ महाग आहे, कबूल. पण कॉर्निया न तासता मोठा नंबर घालवायचा तर ती चांगला पर्याय आहे. कॉलामर नावाच्या पदार्थाची ही मऊ लेन्स बाहुलीच्या रंगीत पडद्यामागे, स्वतःच्या भिंगापुढे बसते. अमेरिकेत तिला उणे ३ ते उणे २० पर्यंत मान्यता आहे, आणि टोरिक, म्हणजे सिलिंडरही घालवणाऱ्या, प्रकाराला ४ पर्यंतच्या सिलिंडरसाठी. मधोमध छिद्र असलेल्या नव्या प्रकाराला तिथे २०२२ मध्ये परवानगी मिळाली. छिद्रातून डोळ्याच्या आतलं पाणी खेळतं, त्यामुळे दाब वाढण्याची आणि मोतीबिंदूची शक्यता जुन्या प्रकारापेक्षा कमी झाली. शून्य मात्र नाही. डोळ्यात पुढे सुमारे ३ मिलिमीटर खोली लागते, कॉर्नियाच्या आतल्या पेशी पुरेशा लागतात, आणि टोरिक लेन्स फिरली तर पुन्हा आत जाऊन सरळ करावी लागते. गरज पडल्यास काढता येते, हा तिचा मोठा गुण. तासलेला कॉर्निया परत मिळत नाही.

‘सिलिंडर असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स नाही.’ साफ खोटं. बऱ्याच टोरिक कॉन्टॅक्ट लेन्सवर खाली बारीक रेघ असते. ती लेन्स डोळ्यात बसवून पंधरा मिनिटं थांबायचं, मग स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रात) बघायचं. रेघ घड्याळातल्या सहावर असली तर ठीक. १० अंश सरकली की सिलिंडरचा एक तृतीयांश फायदा गेला, म्हणून दुसऱ्या कंपनीची लावून बघायची. वेडावाकडा सिलिंडर असेल तर कडक लेन्स, तीही जमली नाही तर स्क्लेरल, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स. फक्त नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, लेन्स घालून पोहायचं नाही आणि झोपायचं तर अजिबात नाही.

‘डोळा नॉर्मल होतो.’ हे वाक्य सगळ्यात महागात पडेल. उणे ६ च्या पुढचा डोळा बहुतेक वेळा मागे लांबलेला असतो. साधारण डोळा साडेतेवीस-चोवीस मिलिमीटर, हा २६ च्या पुढे. लेझरने पुढचा पडदा तासला काय किंवा आत लेन्स टाकली काय, लांबी तेवढीच राहते आणि ताणलेला पातळ रेटिनाही (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) तसाच. वर्षातून एकदा थेंब टाकून रेटिना तपासायचा, आणि त्या दिवशी स्कूटर घरी ठेवायची. अचानक चमक दिसली, काळे ठिपके वाढले, बाजूने पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

‘आयुष्यभर चष्मा नाही’ यावर दोन ओळी पुरेत. चाळिशी सगळ्यांना येते. लघुदृष्टीचा माणूस चष्मा काढून जवळचं वाचतो, नंबर काढून टाकलेल्याला वाचायचा चष्मा लागतो.

शेवटी एक काम करा. ऑपरेशन कुठलंही करा, आधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि नकाशा यांचे कागद जपून ठेवा. लेझरने पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी भरतो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. साठीत मोतीबिंदूची लेन्स ठरवताना डॉक्टर हेच कागद मागतील.