वेग का बदलतो आणि काड्या काय सांगत नाहीत: सेलूच्या वाचकांना उत्तर

दादा, नमस्कार. मोबाईलच्या वेगावरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘टॉवर परिस्थिती पाहून वेग बदलतो असं लिहून तुम्ही कंपन्यांची तळी उचलली. माझ्या ओट्यावर सिग्नलच्या चार काड्या असतात आणि व्हिडिओ नुसता गरगरतो. पैसे पूर्ण घेतात, मग वेग एकच का ठेवत नाहीत?’ असं तुमचं म्हणणं.

एकच वेग का नाही, ते आधी. मानवतजवळ माझ्या मामांची विहीर आहे. डिझेल इंजिन चालू असलं की मामा पलीकडच्या बांधावर पूर्ण वाक्य बोलत नाहीत. ‘पाणी तोड!’ एवढंच, तेही तीन-तीनदा. इंजिन थांबलं की त्याच अंतरावरून अख्खी हकिकत सांगतात. टॉवरही तसंच करतो. 4जीमध्ये सिग्नल किती स्वच्छ मिळतोय ते सांगणारा 0 ते 15 असा एक आकडा फोन त्याला कळवत राहतो. 15 असेल तर एका चिन्हात, म्हणजे लहरीच्या एका ठोक्यात, साधारण 5.55 बिट माहिती जाते, 1 असेल तर जेमतेम 0.15, कारण बाकीची जागा चुका दुरुस्त करणाऱ्या जादा बिटांना लागते. फरक 36 पटींचा आहे. वेग 15 वर बांधला तर आखाड्यावरचा फोन मुका होईल, 1 वर बांधला तर टॉवरखालचाही रखडेल. गोंगाट किती आहे त्यावर वेगाची कमाल ठरते, हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 सालीच गणिताने दाखवलं. कोणतीही कंपनी ती ओलांडू शकत नाही.

चालत्या गाडीत प्रकरण आणखी अवघड होतं. परतूरच्या फलाटावर गाडी उभी होती तेव्हा माझ्या फोनवर हा आकडा 13 वर स्थिर होता. गाडी सुटून वेगात आली आणि तो 12, 5, 9 असा उड्या मारू लागला. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. 1800 मेगाहर्ट्‌झच्या लहरीची अर्धी लांबी साधारण 8 सेंटीमीटर, आणि तेवढं सरकलं की सिग्नल बदललेला असतो. हे अंतर गाडी 3 मिलिसेकंदांत कापते! फोनचा निरोप टॉवरपर्यंत जाऊन वापरात येईपर्यंत तो शिळा झालेला असतो. म्हणून टॉवर निरोपावर आंधळा विश्वास ठेवत नाही. माहितीचं पाकीट पोचलं की अंदाज किंचित वर नेतो, हुकलं की बराच खाली आणतो. दहातलं एखादं पहिल्या खेपेला हुकेल, हे धरूनच हिशेब बसवलेला असतो. हुकलेलंही फोन टाकून देत नाही, दुसऱ्या खेपेच्या पाकिटाशी जोडून वाचतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

पण तुमच्या ओट्याबद्दल तुमचं बरोबर आहे आणि माझा लेख तिथे कमी पडला. काड्या मुख्यतः सिग्नलचा जोर दाखवतात. शेजारच्या टॉवरचा गोंगाट त्यात धड दिसत नाही आणि गर्दी तर अजिबात नाही. आकडा 13 असूनही टॉवरवर शेकडो फोन असतील तर तुमच्या वाट्याला टॉवरचा थोडाच वेळ येतो. तो दोष वेग जुळवण्याच्या पद्धतीचा नाही, टॉवर अपुरे असल्याचा आहे, आणि त्याचा जाब कंपनीलाच विचारायला हवा. हा परिच्छेद मी मूळ लेखात घातला आहे.

एक करा. त्याच ओट्यावर, फोन त्याच जागी ठेवून, पहाटे 4 ला आणि रात्री 9 ला वेग मोजा. पहाटे चांगला आणि रात्री पडलेला असेल तर कारण बहुधा गर्दी. दोन्ही वेळा पडलेलाच असेल तर तो 0 ते 15 चा आकडा कसा पाहायचा ते मी कळवतो, मग पुढचं बघू.