सुभेदार साहेब, काकांना त्या कागदावरचा एक शब्द बदलून हवाय

सुभेदार साहेब, नमस्कार.

माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे खरं सांगते. मग कामठी रोडला काकांकडे गेले, त्यांना ती मोठ्याने वाचून दाखवली आणि त्यांच्याशी बोलल्यावरच हे उत्तर लिहायला बसले. तुम्ही सव्वीस वर्षं नोकरी केलीत, मी सैन्यात एक दिवसही नव्हते. त्यामुळे तुमचा शब्द मी हलका धरत नाही.

लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: हे काका म्हणजे आमच्या ओळखीतले एक निवृत्त हवालदार. ते 1988 साली श्रीलंकेत जखमी झाले. सैन्याच्या कागदांत ती जखम ‘गाडी उलटून झालेला अपघात’ अशी लागली. ती नोंद बदलावी आणि युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारं पदक मिळावं म्हणून ते दोन वर्षं अर्ज करताहेत. त्यावर सुभेदार साहेबांनी लिहिलं की खरा सैनिक पदक मागत नाही. श्रीलंकेत युद्ध नव्हतंच, आपण शांतिसेना म्हणून गेलो होतो. इतक्या वर्षांनी जाग आली ती पेन्शनसाठी. असे अर्ज मान्य केले तर उद्या कोणीही एक्स-रे घेऊन उभा राहील. आणि जे परतले नाहीत त्यांचा हा अपमान आहे. शिवाय लेखाचं शीर्षकच चुकलंय, असंही त्यांनी म्हटलं.

शीर्षकाबद्दल तुमचं बरोबर आहे. मी ‘शौर्यपदक’ असं लिहिलं होतं, ते चूक होतं, आणि मी ते बदललं आहे. परमवीर, महावीर, वीर चक्र, सेना मेडल ही शौर्यपदकं. त्यांची शिफारस वरिष्ठ करतात, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब लागतात, आणि द्यायचं की नाही हे सरकार ठरवतं. जवानाने स्वतः उठून ते मागायचं नसतं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण काका जे मागताहेत ते वूंड मेडल. त्याचं आपल्याकडचं नाव ‘पराक्रम पदक’, म्हणून माझा गोंधळ झाला. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखम झाली की ते मिळतं. तुम्ही त्या क्षणी काय केलंत, धावलात की आडवे पडलात, हे त्यात कोणी विचारत नाही. शत्रूने उडवलेलं लोखंड अंगात शिरलं की नाही, एवढाच प्रश्न. तो प्रश्न शौर्याचा नसून नोंदीचा आहे, आणि नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करा म्हणणं म्हणजे बढाई मारणं नव्हे.

श्रीलंकेबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे. 29 जुलै 1987 ला भारत-श्रीलंका करार झाला, आपली शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला परतली, आणि मधल्या काळात आपले जवळजवळ बाराशे जवान गेले. नाव शांतिसेनेचं होतं. पण 25 नोव्हेंबर 1987 ला आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथे पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र दिलं गेलं. महार रेजिमेंटचं नाव नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही, इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत वस्तीवस्तीत त्या रेजिमेंटचे पेन्शनर भेटतात. परमवीर चक्र शत्रूसमोर दाखवलेल्या पराक्रमासाठी असतं. सरकारने तिथे ते दिलं, म्हणजे समोर शत्रू होता हे सरकारनेच लिहून ठेवलं. अपंगत्व पेन्शनच्या 31 जानेवारी 2001 च्या आदेशातही परदेशातल्या शांतिसेनेच्या मोहिमेतल्या कारवाईत झालेली इजा युद्धाच्याच गटात धरली आहे. मग ‘तिथे युद्ध नव्हतं’ हे कोणत्या तोंडाने त्या जखमी माणसाला सांगायचं?

आता काय घडलं ते. मूळ लेखात हे मी फार थोडक्यात उरकलं होतं, बहुधा तुमच्या गैरसमजाला तेच कारण झालं.

काका तेव्हा शिपाई होते. पलटणीचं नाव त्यांच्या सांगण्यावरून तेव्हाही दिलं नव्हतं, आताही देत नाही. उत्तर श्रीलंकेतल्या वन्नीच्या जंगलातून जाणारा रस्ता, सकाळची रोड ओपनिंग, म्हणजे रस्ता सुरक्षित आहे का ते तपासणं. पुढची माणसं पायी रस्ता तपासत गेलेली, मागून वन टन, म्हणजे सैन्याची लहान मालगाडी. गाडीखाली सुरुंग फुटला. गाडी हवेत उचलली गेली आणि उजव्या कडेला उलटली. मागे बसलेल्यांपैकी दोघं जागीच गेले. काकांच्या मांडीत आणि कमरेत तुकडे शिरले, वर गाडीची कडा पायावर पडून हाड मोडलं. मोडलेलं हाड सगळ्यांना दिसलं. बारीक तुकड्यांच्या जखमा त्यापुढे किरकोळ ठरल्या असाव्यात. इजा अहवालात लिहिलं गेलं ते असं: ड्यूटीवर असताना वाहन उलटून उजव्या पायाचं हाड मोडलं. वाहन उलटलं, हे खोटं नाही. ते का उलटलं, हे लिहायचं राहिलं.

तुम्हाला माहीत आहे, पुढे ही नोंद कशी चालते. युनिटकडून सिग्नल (संदेश) जातो, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीचा अधिकृत आदेश) निघते, रेकॉर्ड ऑफिसात शीट रोलवर (त्याच्या सेवापत्रकावर) चढते, आणि मग पुढचं प्रत्येक मेडिकल बोर्ड त्या आधीच्या कागदाकडे बघून आपला कागद लिहितं. बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतली हानी) की फिजिकल कॅज्युअल्टी (अपघात वगैरेची), हे पहिल्या दिवशी ठरलं की पुढे वीस वर्षं कोणी उघडून बघत नाही. काका बरे होऊन पलटणीत परत गेले, लो मेडिकल कॅटेगरीत (पूर्ण तंदुरुस्त नसलेल्यांच्या वर्गात) राहून हवालदार झाले, पेन्शनवर आले, एका बँकेच्या दारात बारा वर्षं सुरक्षारक्षक म्हणून उभे राहिले. डिस्चार्ज बुक ट्रंकेत. त्यातलं इंग्रजी वाचायची गरज त्यांना कधी पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. तिथल्या मुलाने नेहमीप्रमाणे विचारलं, अंगात कुठे धातू आहे का. काका म्हणाले, असेल थोडा, श्रीलंकेचा. मुलगा घाबरला, आधी एक्स-रे काढला. मांडीत पाच तुकडे, कमरेच्या हाडाजवळ एक. एमआरआय झालाच नाही. तो एक्स-रे मी स्वतः खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आहे. त्या रात्री त्यांच्या मुलाने ट्रंक उघडली आणि पहिल्यांदा वडिलांच्या कागदावरचा ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द वाचला.

साहेब, वाहन उलटल्याने पाय मोडतो. पण मांडीत लोखंडाचे बारीक तुकडे कुठून येतात?

‘इतक्या वर्षांनी जाग आली’ याचं उत्तर यातच आहे. जी चूक माहीतच नव्हती तिच्याविरुद्ध अर्ज कधी करायचा होता? आणि कायद्यानेही उशीर झाला म्हणून दार सरसकट बंद केलेलं नाही. तरसेम सिंग यांच्या खटल्यातला जवान 1983 मध्ये वैद्यकीय कारणावरून घरी आला आणि 1999 मध्ये उच्च न्यायालयात गेला. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पेन्शनचं नुकसान दर महिन्याला नव्याने होत राहतं, त्यामुळे हक्क मरत नाही. थकबाकी तेवढी साधारण मागच्या तीन वर्षांपुरती मिळेल. अमेरिकेत तर यासाठी वेगळी मंडळंच आहेत, 1946 च्या कायद्यापासूनची. तिथे मुदत धरतात ती चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षं, आणि न्यायासाठी गरज असेल तर तीही शिथिल करतात. 1973 मध्ये सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून दीड कोटीहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या, तेव्हा तिथे दुसऱ्या कागदांवरून नोंदी पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. आपल्याकडे असं वेगळं मंडळ नाही. आधी रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज, मग वर अपील, आणि तरी नाही झालं तर 2007 च्या कायद्याने आलेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं आपल्यासाठीचं खंडपीठ मुंबईला.

पैशाचं म्हणाल तर, हो, पेन्शनही वाढेल. युद्धातल्या इजेचा हिस्सा साध्या अपंगत्वाच्या दुप्पट असतो. शंभर टक्क्यांना साधा तीस टक्के पगार, तर युद्धातला साठ, आणि खालच्या टक्केवारीला त्याच प्रमाणात. काकांनी हे माझ्यापासून लपवलं नाही, मी लेखात लिहिलं नाही, ती माझी चूक. पण हे पैसे कोणाच्या ताटातले नाहीत. जो कायदा 1988 च्या त्या सकाळी लागू व्हायला हवा होता, त्याचेच ते आहेत. पदकाला शौर्यपदकांसारखा दरमहा भत्ताही नाही.

खोटे दावे होतात, याची तुमची काळजी मला पटते. म्हणूनच तपासा, कडक तपासा. पण ‘पलटणीचा कागद चुकत नसतो’ हे तुमचं वाक्य मला पटलं नाही. कारगिलमध्ये बटालिक भागात 70 व्या ब्रिगेडचं नेतृत्व केलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग आठवा. त्यांच्याबद्दलचं अहवाल-लेखन पक्षपाती होतं, असं न्यायाधिकरणाने मे 2010 मध्ये मान्य केलं आणि युद्धाची अधिकृत नोंद दुरुस्त करायला सांगितलं. अकरा वर्षं लागली, आणि ते ब्रिगेडियर होते. इथे तर कोणी द्वेषानेही काही केलेलं नाही. घाईत, जखमी माणसं हेलिकॉप्टरमध्ये चढवता चढवता, कुणीतरी अर्धं वाक्य लिहिलं. त्या लिहिणाऱ्यावर काकांचा राग नाही, माझाही नाही.

माझा राग आहे तो पहिल्या अर्जाला आलेल्या उत्तरावर. अडीच ओळी. उपलब्ध कागदपत्रांनुसार इजा अपघाताने झाली असल्याने विनंती मान्य करता येत नाही. म्हणजे ज्या कागदाला चूक म्हणून अर्ज केला, त्याच कागदाचा दाखला देऊन अर्ज फेटाळला. एक्स-रेचा उल्लेखही नाही.

आणि आता तुमचा शेवटचा आक्षेप, जो वाचताना माझा आवाज अडकला होता. जे परतले नाहीत त्यांचा अपमान.

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मले पदक नाही भेटलं तरी चालते, पोरी. पन आमी एकाच गाडीत होतो ना. ते दोघं लढाईत गेले अन् मी ॲक्सिडेंटमंदी पडलो, असं कसं होईन?”

त्या दोघांपैकी एकाचं घर भंडारा जिल्ह्यात आहे. पहिला अर्ज फेटाळला गेल्यावर काका तिकडे गेले, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा नव्हे, दर दोन-तीन वर्षांनी ते जातात. या वेळी भीत भीत त्यांनी वहिनींना विचारलं, तुमच्या पेन्शनचा कागद बघू का. वहिनींना लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांची वाढीव पेन्शन, मिळते. त्यांच्या जुन्या पत्रात नवऱ्याबद्दल स्पष्ट ‘बॅटल कॅज्युअल्टी’ लिहिलंय, तारीख तीच, ठिकाण तेच. वहिनींनी स्वतः चौकात जाऊन त्याची झेरॉक्स काढून आणली आणि म्हणाल्या, याच्यावर माह्या मालकाचं नाव हाय, हे लावा अर्जाला. ज्यांचा अपमान होईल म्हणून तुम्हाला वाटतं, साहेब, त्यांच्या घरातूनच तो कागद आला आहे.

दर 26 जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात तेव्हा काका कोटावर श्रीलंकेची पट्टी असलेलं स्पेशल सर्व्हिस मेडल लावून नातवाला घेऊन जातात. ते मेडल त्यांच्याकडे आधीपासून आहे. मिरवायचंच असतं तर तेवढं पुरेसं होतं.

दुसरा अर्ज या महिन्यात जातोय. वहिनींचं पत्र, एक्स-रे आणि रेडिओलॉजिस्टचा अहवाल, त्या गाडीतल्या आणखी एका माणसाचं प्रतिज्ञापत्र. सोबत माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, त्या आठवड्याच्या युनिट वॉर डायरीतली (पलटणीच्या मोहिमेतल्या रोजनिशीतली) नोंद मागणारा. घटनेला वीस वर्षं उलटल्यावर माहिती नाकारायची बरीचशी कारणं त्या कायद्यातच गळून पडतात. देशाच्या सुरक्षेचं राहतं, पण एका वन टनखाली 1988 साली फुटलेल्या सुरुंगाने आज कोणाची सुरक्षा धोक्यात येईल असं मला वाटत नाही. जून 2021 च्या संरक्षण मंत्रालयाच्या धोरणातही युद्धाचे कागद साधारण पंचवीस वर्षांनी खुले करावेत असं म्हटलं आहे.

एका गोष्टीत तुमची मदत हवी आहे. तुम्ही लिहिलंय की तुम्ही 1988 च्या अखेरीस उत्तर श्रीलंकेत वावुनियाला होतात. काकांना पहिल्यांदा जिथे नेलं त्या फील्ड ॲम्ब्युलन्समधला (आघाडीजवळच्या सैन्याच्या वैद्यकीय तुकडीतला) एक नर्सिंग असिस्टंट वर्ध्याकडचा होता, एवढंच त्यांना आठवतं. उंच, डावखुरा, मराठी बोलणारा. त्यानेच जखमा धुताना “तुकडे आत राहिले बरं का” असं म्हटलं होतं. तो माणूस तुमच्या ओळखीत असेल, किंवा तुमच्या वर्ध्याच्या माजी सैनिकांच्या बैठकीत विचारता आलं, तर कृपा करून कळवा. काका म्हणाले, सुभेदार साहेबांना माझा जयहिंद सांग.