कोलंबसच्या ‘खऱ्या’ चित्राबद्दल खुलासा

काळी टोपी, छातीवर ठेवलेला हात. ‘कोलंबसला समोर बसवून काढलेलं अस्सल चित्र’ म्हणून सध्या फिरतंय ते तसं नाही. चित्रकार सेबास्तियानो देल प्योम्बोने त्यावर १५१९ साल घातलंय. कोलंबस १५०६ मध्येच वारला होता! वर लॅटिनमध्ये कोलंबसचं नाव आहे हे खरं, पण तो मजकूर मागाहून घातला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि तिथेही शीर्षकात ‘कोलंबस असल्याचं म्हटलं जातं’ एवढंच म्हटलंय. त्याच्या हयातीतलं एकही खात्रीचं चित्र उपलब्ध नाही. मुलगा फर्नांदोने वर्णन मात्र लिहून ठेवलंय: लांबट चेहरा, बाकदार नाक, तिशीतच पांढरे झालेले केस. चित्र जरूर पाठवा, फक्त ‘अस्सल’ हा शब्द काढून.