उचलीची वही

जुलै संपत आला की आमच्या सिंधुदुर्गातल्या बंदरावर माझं काम सुरू होतं. चार बोटमालकांचे हिशेब मी लिहितो. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आधी खलाशी उतरायला लागतात. कोण झारखंडचा, कोण ओडिशाचा, बरेचसे नेपाळचे. वहीत नाव, नावापुढे उचल, उचलीपुढे सही नाहीतर अंगठा.

गेल्या हंगामात एक पोरगा आला. आई वारली होती, गावी जायचं म्हणून आधार कार्ड मागत होता. कार्ड मालकाच्या पत्र्याच्या डब्यात, इंजिनाच्या वायसरांखाली. "सांभाळून ठेवायला" दिलेलं. चाळीस हजार उचल, त्यातले अकरा हजार फिटलेले. मालक माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यो गेलो तर माझी उचल कोण देतलो? तू?" त्याचंही अगदीच खोटं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचे तीन खलाशी उचल घेऊन रातोरात पसार झाले आणि बोट पंधरा दिवस किनाऱ्याला पडून राहिली. पण पोरगा आईच्या तेराव्यालासुद्धा पोचला नाही, हेही खरंच.

ह्याला मानवी तस्करी म्हणायचं का? लगेच तरी मी म्हणणार नाही. पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या ११ खुणा सांगितल्या आहेत. कागदपत्रं अडकवून ठेवणं ही त्यातली एक, कर्जात बांधून ठेवणं ही दुसरी. माझ्या वहीतल्या एकाच नावामागे दोन्ही होत्या.

सरकारी आकडा असतो नोंदलेल्या गुन्ह्यांचा. २०२२ साली मानवी तस्करीची अख्ख्या देशात २,२५० प्रकरणं. तो वाचून 'आपल्याकडे हा विषयच नाही' म्हणणारे मला चहाच्या टपरीवर रोज भेटतात. अरे, जाळ्यात आलेल्या बांगड्यावरून दर्यात बांगडा किती, हे कधी सांगता येतं का?

गंमत अशी की ह्यावरचा उपाय माशांच्या अभ्यासातूनच आलाय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पीटरसन नावाच्या डॅनिश अभ्यासकाने मासे पकडून, खूण करून परत सोडले. पुढच्या खेपेला आलेल्यात खुणेचे किती, ह्यावरून एकूण माशांचा अंदाज बांधता येतो. याद्यांचंही तसंच. समजा पोलिसांच्या यादीत ४० माणसं, एखाद्या संस्थेच्या यादीत ३०, आणि दोन्हीकडे सापडणारी फक्त ६. मग एकूण माणसं २०० च्या आसपास असणार. ब्रिटनने २०१३ सालच्या पीडितांसाठी अशाच अनेक याद्या जुळवल्या. माहीत असलेले होते २,७४४, अंदाज निघाला १०,००० ते १३,०००.

ह्यात एक मेख आहे. पोलीसच सोडवलेली माणसं संस्थेकडे पाठवत असतील, तर दोन्ही यादीत तीच नावं येणार आणि अंदाज खोटाच लहान दिसणार. म्हणून याद्या वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या हव्यात. आपल्याकडे तशा आहेत. बोट बाहेर जाताना खलाशांची नोंद होते, ई-श्रम या सरकारी पोर्टलवर असंघटित मजुरांची होते, बेपत्ता माणसांची तक्रार त्यांच्या गावच्या ठाण्यात असते, मुलांसाठीचे फोन १०९८ वर जातात. प्रत्येक कागद वेगळ्या कपाटात, आणि कपाटांचा एकमेकांशी अबोला. त्यातही ई-श्रमची नोंद आधारवर, आणि नेपाळहून येणाऱ्या कितीतरी जणांकडे आधारच नाही. बोटीवरचे असोत की आंब्याच्या बागेतले राखणदार, ते त्या यादीत येणार कसे?

याद्या जोडा म्हटलं की 'परप्रांतीय मोजा' वाले सगळ्यात आधी उठतात, म्हणून हेही सांगतो: नावं याद्या जोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलापलीकडे जाता कामा नयेत. पळून सुटलेल्या पोरीचं गाव दलालाच्या हाती लागलं तर ती परत अडकली म्हणून समजा. जग हे शिकलंय. स्थलांतराचं काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ पासून वेगवेगळ्या संस्थांकडच्या पीडितांच्या नोंदी एकत्र करायला घेतल्या, पण जगापुढे ठेवताना खऱ्या माणसांऐवजी त्यांच्याच प्रमाणात संगणकाने तयार केलेल्या नोंदीही दिल्या. किती माणसं, कुठून, कशी अडकतात, हे कळतं; माणूस ओळखू येत नाही.

आणि आपल्याला एवढंच तर हवंय. कुठल्या जिल्ह्यातून पोरं येतात, उचल कोण देतो, कुठल्या महिन्यात जास्त अडकतात. जुलैअखेर कणकवली-कुडाळ स्टेशनवर त्यांच्या भाषेत बोलणारा एक माणूस बसवायचा की धाडी घालायच्या, हे त्यावरून ठरवता येईल. उचल बँकेतून आणि लेखी करारावर दिली तर मालकाचीही झोप उडायची नाही. सध्या मात्र कुठेतरी एखादं प्रकरण पेपरात आलं की आठ दिवस बैठका, मग सामसूम.

यंदा मी वहीत एक रकाना वाढवलाय, 'कार्ड कोणाकडे?' मालकांना सांगितलं, हिशेबाला लागतं. आतापर्यंत अकरा नावं चढली आहेत. सात जणांपुढे 'शेठकडे' लिहिलंय.