आधी पाणी ठेवा

परभणी-नांदेडकडच्या कुठल्याही हॉटेलात माणूस बाकड्यावर टेकतो न टेकतो तोच पोऱ्या चार ग्लास पाणी आणून आदळतो. चार ग्लास, चार बोटं, दर ग्लासात एक. बोट स्वच्छ आहे का, असं आम्ही विचारत नाही, दिसतच असतं. मग "बोला मालक, काय देऊ?" मग कांदा-लिंबू. मग भाकरी, आणि रस्सा संपायच्या आत दुसऱ्यांदा रस्सा. २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावं लागलं, एवढा आमचा मुलूख कोरडा. तरी ग्लासातल्या पाण्याचे पैसे लावणारा हॉटेलवाला आमच्याकडे अजून जन्मायचाय.

अशा मुलखातला माणूस पोराकडे किंवा कंपनीच्या कामानं परदेशी जातो. घरून नेलेले धपाटे चौथ्या दिवशी संपतात (न संपलेले बुरसतात). भारतीय हॉटेलात डाळ-नानचं बिल बघून रुपयांत गुणाकार केला की घास घशात अडकतो. मग राहते तिथल्याच लोकांची स्वस्त खानावळ. लोकांना वाटतं, तिथे हाल होतात ते तिखटावाचून नाहीतर मटणाच्या भीतीनं. माझं मत वेगळं आहे. आपला माणूस तिथे बसून राहतो आणि पाणी येत नाही. सगळी गडबड तिथून सुरू होते.

सिंगापूरचं हॉकर सेंटर घ्या. एका छपराखाली पन्नासेक टपऱ्या, मध्ये सगळ्यांची मिळून टेबलं. युनेस्कोनं २०२० साली ही खाण्याची रीत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली, पण पाणी कुठे मिळतं ते यादीत लिहिलेलं नाही. नळाचं पाणी तिथे बेधडक पिता येतं, फक्त ते टेबलावर कुणी आणत नाही. बाटली घरून भरून न्यायची. रिकामं टेबल दिसलं आणि त्यावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं असलं, तर ते विसरलेलं नव्हे. तो ताबा आहे. याला तिथे 'चोप' म्हणतात. यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये, पण आपली माणसं परदेशात भलतीच सरळ होतात आणि पाकीट उचलून "कुणाचं पडलं हो?" म्हणून विचारत फिरतात.

जेवणाला सुरुवातीचे दिवस मिश्र भाताची टपरी बरी. काचेमागे पंधरा-वीस ट्रे, भाताच्या ताटलीवर बोट दाखवाल ते पडतं. बोट जपून दाखवायचं, कारण हिशोब बोटाचा असतो. दोन भाज्या आणि एक अंडं स्वस्त; कोळंबीकडे नुसतं कुतूहलानं बोट केलं तरी ती ताटात येते आणि बिलातही. "हे काय आहे?" हा प्रश्न डोळ्यांनी विचारावा.

पाण्याऐवजी तिथे चहा-कॉफीची टपरी असते, आणि त्या चहाला व्याकरण आहे. नुसतं 'तेह' म्हणाल तर डब्यातलं घट्ट गोड दूध आणि बऱ्याचदा वर साखरही. आमच्याकडच्या पाहुणचाराच्या चहाला शोभेल असा, चमचा उभा राहील. 'तेह-ओ' म्हणजे कोरा, पण साखर असलेला. 'तेह-सी' म्हणजे आटवलेलं बिनगोड दूध, साखर वेगळी. 'कोसोंग' हा मलाय शब्द, अर्थ रिकामं. तो जोडला की साखर गेली. 'सिउ दाइ' म्हणजे कमी गोड, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. साखरेचा आजार असलेले काका 'तेह कोसोंग' म्हणून निर्धास्त होतात, तिथेच फसतात. साखर जाते, पण डब्यातलं दूध मुळात साखरेचंच. त्यांनी 'तेह-सी-कोसोंग' म्हणावं, किंवा दुधाचा नाद सोडून 'तेह-ओ-कोसोंग'. आल्याचा हवा असेल तर 'तेह हालिया'. हे सगळं रांगेत एका दमात म्हणायचं, मागचा माणूस उसासा टाकायच्या आत. टपरीवाल्याला अंकल आणि बाईला आंटी म्हणायची तिथलीही पद्धत आहे, तेवढं मात्र आपल्याला शिकवावं लागत नाही.

उठताना ताट-ट्रे आपण नेऊन ठेवायचा. १ सप्टेंबर २०२१पासून हॉकर सेंटरांत तो नियमच आहे: पहिल्यांदा लेखी ताकीद, पुन्हा सापडलात तर ३०० डॉलर दंड. हलाल आणि बाकीचे असे दोन वेगळे रॅक असतात, पाट्या वाचून ठेवा. ज्या माणसानं घरी उभ्या जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, तो तिथे रॅकसमोर ताट धरून उभा असतो ना, त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकण्यासारखा असतो.

थायलंडमध्ये भातावर कालवण घालून देणाऱ्या दुकानांतही बोट दाखवायचाच कारभार. कालवणं सकाळी रांधून ट्रेमध्ये मांडलेली असतात, म्हणून जेवायला अकरा-बाराला जावं. आपल्या सवयीनं अडीचला गेलात तर ट्रेच्या तळाशी उरलेलं, गरमीत तीन-चार तास निवलेलं मिळतं, आणि पुढचे दोन दिवस पोट त्याचा जाब विचारतं. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात. काट्यानं चमच्यात ढकलायचं, काटा तोंडात घालायचा नाही. काड्या फक्त शेवयांच्या वाडग्याला. शेवयांच्या टेबलावर चार भांडी असतात: लाल मिरचीची भरड, मिरच्या घातलेला शिरका, मिरच्या घातलेलं मासळीचं पाणी (फिश सॉस), आणि चौथं पांढरं. पांढरं म्हणजे मीठ समजून दोन चमचे टाकू नका, ती साखर आहे. मीठ हवं तर मासळीचं पाणी.

आता तिखटाचं. "आम्ही मराठवाड्याचे, आम्हाला काय तिखट सांगता," हे वाक्य थायलंडात मनातसुद्धा म्हणू नये, चेहऱ्यावर उमटतं. कच्च्या पपईची सोम-तम ही कोशिंबीर दुकानदार मोठ्या उखळात कुटून देतो, शेंगदाणे घालून. बघून ठेच्याची आठवण येते आणि माणूस हळवा होतो. हळव्या माणसाला मिरच्या किती विचारल्या की तो पाच बोटं दाखवतो. एक दाखवा. त्या बारक्या मिरचीचं त्यांच्याकडचं नावच 'उंदराच्या लेंड्या' असं आहे. आकारावर जाऊ नका, आपली लवंगी तिची फार तर चुलत बहीण. आणि लागलं तिखट तर पाणी मागू नका. (हे मी लिहितोय, म्हणजे बघा.) मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो; पाण्यानं तो नुसता तोंडभर पसरतो. कोरडा भात चावा, दूध मिळालं तर प्या, नाहीतर ते चौथं भांडं आहेच. आपल्याकडे ठसका लागला की आजी गुळाचा खडा देते, तसंच.

शाकाहारी माणसाची परीक्षा याहून अवघड, कारण त्याला नापास झाल्याचं कळतही नाही. नुसतं 'व्हेज' म्हटलं की स्वयंपाकी मांसाचे तुकडे वगळतो. पण मासळीचं पाणी त्याच्या लेखी मीठ आहे, आणि मीठ कुणी वगळतं का? 'माइ साइ नाम प्ला' म्हणजे मासळीचं पाणी घालू नका. हे पाठ करा. मलेशिया-इंडोनेशियात मिरचीच्या चटणीत वाटलेली सुकी कोळंबी असते, जपानात साध्या दिसणाऱ्या आमटीचं पाणीच सुक्या माशाचं. खात्रीचं हवं असेल तर थायलंडात पिवळ्या पाटीवरचं लाल 'जे' हे अक्षर शोधा, ते लांबून इंग्रजी सतरासारखं दिसतं. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही. कांदा-लसूणही नाही, त्यामुळे चव रोजच चातुर्मासातली. सप्टेंबर-ऑक्टोबरात नऊ दिवस या पाट्या गल्लोगल्ली लागतात, साधारण आपल्या नवरात्राच्याच सुमाराला. ताटात कोंबडीचा तुकडा दिसला तर ओरडू नका, तो गव्हाच्या चिकाचा नाहीतर सोयाबीनचा असतो. सोयाबीनचं पीक काढून काढून हात दुखलेल्या लातूरकराला तो शेवटी कोंबडीच्या रूपात भेटावा, याला काय म्हणावं!

व्हिएतनाममध्ये शाकाहारीला 'चाय' म्हणतात. सकाळी सवयीनं चाय मागितलीत तर शाकाहारी भाताच्या दुकानाकडे बोट दाखवलं जाईल. चहा म्हणजे 'चा'. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे अमावास्या सरताना आणि पौर्णिमेला, बरेच लोक 'चाय' खातात, तेव्हा पंचांग बघून गेलेलं बरं. लहान मुलांच्या शाळेतल्यासारखी बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं असतात. गुडघे हनुवटीला लागतात, पण भारतीय बैठकीची सवय असलेल्यांना जमतं.

तैवानमध्ये शाकाहारी खानावळीच्या पाटीवर चक्क स्वस्तिक असतं, आपल्या उलट दिशेचं. आत हवं ते वाढून घ्यायचं आणि ताट वजनकाट्यावर ठेवायचं. बऱ्याच ठिकाणी दर वजनावर. आपला माणूस सवयीनं आधी रस्सा ओततो. रस्सा म्हणजे पाणी आणि पाणी जड. म्हणजे फिरून पाण्याचेच पैसे. कोरड्या भाज्या घ्या, पालेभाजी निथळून घ्या.

जपानात पाणी फुकट मिळतं, तेही बर्फाचं, तेही थंडीत. पण बऱ्याच स्वस्त दुकानांत दारातच यंत्र असतं: आधी पैसे, मग बटण, मग चिठ्ठी, मग बसणं. काही कळलं नाही तर सहसा वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबावं, बहुतेक दुकानांत तिथे घरचा मुख्य पदार्थ असतो. काड्या भातात उभ्या खोचू नयेत. तसा भात मेलेल्याच्या नावानं ठेवतात. पिंड पाहिलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायला नको.

इंडोनेशियातल्या पाडांगी खानावळीत आमच्या माणसाला पहिल्यांदा माहेरी आल्यासारखं वाटतं. काही न मागता पोरगा हातावर दहा-बारा बशा रचून आणतो आणि टेबलावर मांडतो. हा पाहुणचार नव्हे. ज्या बशीतलं खाल्लं तिचे पैसे, न शिवलेली बशी परत. 'सगळ्यातलं थोडं थोडं' हा लग्नातल्या पंगतीचा नियम इथे महागात पडतो. आणि सोबत एक वाटी येते, पाण्याची, वर लिंबाची फोड. जपान सोडलं तर इतक्या देशांनंतर कुणीतरी न मागता पाणी आणलं, म्हणून डोळे भरून येतात. ती वाटी हात बुडवायची आहे. प्यायलात तर कुणी काही बोलणार नाही, पण भिंतीवरची पालसुद्धा बघते.

जाताना काय न्यायचं? शेंगदाण्याची कोरडी चटणी, दुहेरी पिशवीत. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस असेल तर तो आखातात किंवा सिंगापूरला मुळीच नेऊ नका; तिथे खसखशीला बंदी आहे, आणि विमानतळावर 'आईनं दिलंय' हा खुलासा चालत नाही. ऑस्ट्रेलियात जे काही खायचं असेल ते अर्जावर आधी लिहायचं.

आणि इथिओपियात जायचा योग आलाच तर बुधवारी नाहीतर शुक्रवारी जेवायला बसा. ते त्यांचे उपासाचे वार, त्या दिवशी दूध-मांस नसलेलं ताट हमखास मिळतं. टेफ नावाच्या बारीक धान्याचा आंबवलेला मोठा घावन. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आंबिलाची सवय असलेल्याला तो आंबटपणा खटकत नाही. त्यावर 'शिरो'. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं मसालेदार कालवण. म्हणजे पिठलं. चार हजार किलोमीटरच्या पलीकडे जाऊन शेवटी पिठलं! अशा वेळी माणसानं वाकून नमस्कार करावा, आणि नेमका तेव्हाच एक जण हातात तांब्यासारखं भांडं आणि खाली घमेलं घेऊन समोर उभा राहतो. ओंजळ तोंडाशी नेऊ नका. ते हात धुवायचं आहे. पिण्याचं वेगळं मागावं लागतं, आणि मागितलं की तो विचारतो, गॅसचं देऊ की बिनगॅसचं?